जुन्या पिकअपला क्रूझ बसवताना: आधी सुटायचं बघा, मग धरायचं

धाकट्या भावाच्या उजव्या घोट्यात स्टीलची पट्टी आणि सहा स्क्रू आहेत. शिरोली एमआयडीसीतून कास्टिंगचा माल भरून तो आठवड्यातून तीनदा हुबळीला जातो. जाऊन-येऊन चारशे किलोमीटर. परत आला की पायरीवर बसतो, आधी उजवा बूट काढतो आणि घोटा दोन्ही हातांनी दाबत राहतो. चहा तिथंच निवतो. वर्षभर हे बघितलं आणि एका रविवारी ठरवलं, ह्याच्या गाडीला क्रूझ कंट्रोल, म्हणजे पायडलवर पाय न ठेवता वेग धरून ठेवणारी सोय, बसवायचंच.

मी उद्यमनगरात ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, बावीस वर्षं झाली. भावाची गाडी २००८ सालची बोलेरो पिकअप, डीआय डिझेल इंजिन, एक्सलेटर केबलचा. अशा गाड्या आमच्याकडं गल्लोगल्ली आहेत आणि त्या चालवणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले. कुणाचा गुडघा गेलाय, कुणाची कंबर. हे सगळं त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मेकॅनिकसाठी लिहितोय.

आधी तुमची गाडी कुठल्या जातीची आहे ते बघा. बोनेट उघडा, दुसऱ्याला पायडल दाबायला सांगा. डिझेल पंपावरचा लिव्हर केबलनं ओढला जाताना दिसला, तर ही माहिती तुमच्या कामाची. पायडललाच वरच्या बाजूला सहा वायरींचा प्लग असेल आणि केबल कुठंच नसेल, तर तुमचा एक्सलेटर इलेक्ट्रॉनिक आहे. त्या गाडीचं काम वेगळं आणि सोपं. पायडलचा प्लग काढून मधे बसणारं किट मिळतं, ते पायडलसारखाच सिग्नल ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, देतं. फक्त एक सांगतो, त्या सहा वायरी तोडून जोड मारू नका. त्यात दोन वेगवेगळे सिग्नल असतात, ईसीएम ते एकमेकांशी ताडून बघतो. मेळ बसला नाही की गाडी रेसच घेत नाही. तुमच्याच मॉडेलच्या प्लगचं किट घ्या, ब्रेक आणि क्लचच्या वायरी जोडा, झालं. खरं कष्टाचं काम केबलच्या गाडीचं आहे.

क्रूझ म्हणजे गाडीत बसलेला दुसरा पाय. तुम्ही वेग ठरवून बटण दाबता, तो पाय एक्सलेटर धरून ठेवतो. ही कल्पना काढणारा राल्फ टीटर हा अमेरिकी इंजिनियर लहानपणीच अपघातात दृष्टी गमावलेला. त्याचा वकील गाडी चालवताना बोलायला लागला की वेग कमी करायचा आणि ऐकायला लागला की वाढवायचा, ते हिसके त्याला सहन होईनात, असं सांगतात. त्याला १९५० साली पेटंट मिळालं आणि १९५८ च्या क्रायस्लर इम्पीरियलमध्ये ही सोय पहिल्यांदा आली. मला ह्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की धरून ठेवणारा पाय बसवणं फार अवघड नाही. तो पाय सांगितल्या क्षणी, दर वेळी, न चुकता उचलला गेला पाहिजे, अवघड ते आहे. म्हणून माझ्या कामाचा क्रम उलटा असतो. ब्रेक, क्लच, स्विच, स्प्रिंग हे सुटण्याचं सगळं काम आधी. धरण्याचं काम शेवटी.

किट निवडताना दोन प्रकार समोर येतात, व्हॅक्यूमवर चालणारा सर्वो आणि मोटरवर चालणारा सर्वो. सर्वो म्हणजे एक्सलेटरचा लिव्हर केबलनं ओढून धरणारा डबा. डिझेल गाडीला मोटरचाच घ्या. पेट्रोल इंजिनात हवा अडवणाऱ्या थ्रॉटलच्या पाकळीमुळं मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवेच्या नळीत, व्हॅक्यूम आपोआप तयार होतो. जुन्या डिझेलला ती पाकळीच नसते, म्हणून अल्टरनेटरच्या मागं व्हॅक्यूम पंप लावलेला असतो आणि तो ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरसाठी असतो. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडं एक पिकअप आली होती. कुणीतरी बूस्टरच्या पाइपला टी मारून तिथून क्रूझच्या सर्वोला व्हॅक्यूम दिला होता, मधे वन-वे व्हॉल्व्हसुद्धा नव्हता. सर्वोचा रबरी पडदा फाटला आणि तवंदी घाटाच्या उतारावर ब्रेकचं पायडल दगडासारखं झालं. गाडीत नवरा-बायको आणि लहान मूल होतं. गियरवर आणि हँडब्रेकवर गाडी थांबली म्हणून ती माणसं दुकानात येऊन मला हे सांगू शकली. ब्रेकच्या वाट्याचं काहीही दुसऱ्या कशाला देऊ नका.

किट येईपर्यंत गाडी तपासून घ्या. पंपाचा लिव्हर हातानं पूर्ण उघडा आणि एकदम सोडा. ‘टक’ असा आवाज करून तो जागेवर आला पाहिजे. रेंगाळत आला, तर केबल आतून गंजलीय किंवा स्प्रिंग दमलीय. केबल तेल सोडून मोकळी करत बसण्यापेक्षा नवीन टाका, स्प्रिंगही नवीन टाका. भावाच्या गाडीत पायडलचा बुश एवढा झिजला होता की पायडल बाजूला कलून कार्पेटला घासत होतं. पायानं चालवताना ते कळत नाही, आपला पाय ते सांभाळून घेतो. सर्वोला तसं सांभाळता येत नाही. इंजिनचे फाउंडेशन रबर बघा, इंजिन हलायला लागलं की सर्वोची केबलही ओढली जाते. चार्जिंग १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान असू द्या. ह्यातलं एकही बिघडलेलं असेल, तर क्रूझचा डबा उघडूच नका.

आता ब्रेक. पायडलच्या वर ब्रेक लाइटचा स्विच असतो, त्याला दोन वायरी. टेस्ट लॅम्प घ्या. एका वायरीवर दिवा कायम लागतो. दुसरीवर पायडल दाबल्यावरच लागतो. क्रूझच्या मॉड्यूलला, म्हणजे किटच्या मेंदूला, ही दुसरी वायर जोडायची, म्हणजे पायडलवर पाय पडला की त्याला बारा व्होल्ट मिळतात आणि ते सुटतं. बहुतेक जण इथं थांबतात. मी थांबत नाही. मोटरच्या सर्वोत एक चुंबकी क्लच असतो. त्याला करंट आहे तोवरच मोटर केबलला धरून ठेवते, करंट गेला की केबल मोकळी. त्या क्लचच्या करंटच्या वाटेत मी पाच पिनांचा रिले, म्हणजे करंटनं चालणारा खटका, टाकतो आणि ब्रेक दाबला की रिले ती वाट तोडून टाकतो. म्हणजे मॉड्यूल बिघडलं, अडकलं, त्याला ब्रेक कळलाच नाही, तरी दोरी सुटणारच. एका पायडलला सुटायच्या दोन वेगळ्या वाटा. रिले शंभर-दीडशे रुपयांचा आहे आणि सगळ्या कामात मला त्याचंच जास्त मोल वाटतं. किटच्या वायरिंगच्या नकाशात ह्या चुंबकी क्लचची वायर कुठली ते नीट बघून मगच हात घाला.

इथं एक गोष्ट अनेकांना चकवते. बऱ्याच किटचं मॉड्यूल पायडल मोकळं असताना ब्रेकच्या बल्बच्या तारेतून अर्थिंग शोधत असतं. मागं एलईडी बल्ब टाकले असतील, तर ते अर्थिंग त्याला मिळत नाही आणि क्रूझ लागतच नाही. माणूस चार दिवस किट खराब म्हणून भांडत बसतो. एका बाजूला साधा तारेचा बल्ब ठेवा, नाहीतर रिलेनं वेगळं अर्थिंग द्या. दोन्ही ब्रेक लाइट उडालेले असतील तरी हेच होतं, आणि ते चांगलंच आहे.

क्लच पायडलला जुन्या पिकअपमध्ये बहुधा स्विच नसतोच. तो बसवल्याशिवाय क्रूझ नको. क्रूझ लावलेलं असताना क्लच दाबला तर इंजिनवरचा भार एकदम जातो, सर्वो मात्र ओढतच राहतो, आणि इंजिन किंचाळतं. मी ब्रेक लाइटचाच एक खटका घेतला, तीन मिलिमीटरच्या पट्टीचा एल आकाराचा ब्रॅकेट केला आणि पायडलच्या दांड्याला टेकेल असा बोल्ट केला. पायडल एक सेंटिमीटर हललं की स्विच चालला पाहिजे, तळापर्यंत दाबावं लागता कामा नये. ह्याची वायरही त्याच रिलेला, आणि ब्रेककडून रिलेला येणाऱ्या वायरीत डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा तुकडा, टाकून, नाहीतर क्लच दाबला की मागचे ब्रेक लाइट लागतील. डॅशबोर्डवर हाताला न बघता सापडेल असा एक मुख्य स्विच द्या, आत दिवा असलेला. क्रूझचा सगळा करंट त्याच्यातून, पाच अँपिअरच्या फ्यूजमागून, आणि तोही किल्ली चालू असेल तरच. एवढं झाल्यावर मी त्या दिवशीचं काम बंद केलं. गाडीत अजून क्रूझ नव्हतं, पण ते सोडायच्या सगळ्या वाटा तयार होत्या.

मॉड्यूलला गाडीचा वेग कळायला हवा. स्पीडोमीटरला इलेक्ट्रॉनिक सेन्सर असेल तर तिथून सिग्नल मिळतो. मी मात्र जुन्या गाडीत गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडं फिरत जाणाऱ्या जॉइंट शाफ्टवरून घेतो, शाफ्टवर चुंबक आणि त्याच्यासमोर ते ओळखणारी कॉइल बसवून, तिथं काय चाललंय ते डोळ्यांनी दिसतं. गिअरबॉक्सकडच्या टोकाला शाफ्ट घासपेपरनं लख्ख करा, डिझेलनं पुसा, वाळू द्या. किटमधलं चुंबक बसवा आणि बरोबर समोरच्या बाजूला दुसरं, नाहीतर शाफ्टचा तोल जाऊन साठच्या पुढं गाडी थरथरते. खाली अराल्डाइट, वरून स्टीलची पट्टी. मागच्या एक्सलच्या हौसिंगकडं बसवू नका. तिथं पाट्यांबरोबर शाफ्ट वर-खाली होतो, खड्ड्यात चुंबक आणि कॉइलमधलं अंतर बदलतं आणि वेगाची गणती तुटते. चुंबक कॉइलसमोरून फिरताना मधे बोटाच्या जाडीएवढी, साधारण पंधरा मिलिमीटर फट ठेवा. कॉइलचा ब्रॅकेट क्रॉस मेंबरला, बॉडीच्या पत्र्याला नको.

चुंबक कॉइलसमोरून एकदा गेलं की एक ठोका. एका किलोमीटरला किती ठोके पडतात हे मोजायला मीटर लागत नाही. मागच्या टायरला आणि शाफ्टला खडूची रेघ मारली. दुकानासमोर सपाट जागेवर दोन पोरांनी गाडी ढकलली, टायरच्या दहा फेऱ्या होईपर्यंत. मी खाली वाकून शाफ्टच्या फेऱ्या मोजल्या, एक्केचाळीस भरल्या. जमिनीवर अंतर टेपनं मोजलं, २१ मीटर ६० सेंटिमीटर. म्हणजे किलोमीटरला शाफ्टच्या सुमारे १,९०० फेऱ्या, चुंबकं दोन म्हणून ३,८०० ठोके. किटवरचे आकडे मैलाला असतात, म्हणून १.६०९ नं गुणायचं, ६,१०० च्या आसपास येतात. किटवर त्याच्या सगळ्यात जवळचा आकडा लावायचा. अगदी तंतोतंत नाही जुळला तर घाबरू नका. बटण दाबताना जेवढे ठोके होते तेवढेच मॉड्यूल धरून ठेवतं, त्यामुळं साठवर लावलेलं साठवरच राहतं. आकडा चुकला तर क्रूझ किती वेगाला लागायला सुरुवात होते ते आणि ओढण्याचा जोर एवढंच बदलतं.

सर्वो बसवायची जागा शोधायला मी अर्धा दिवस घेतला. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब, चाकाच्या चिखलापासून लांब, आणि केबलला आखडता बाक येणार नाही अशी. शेवटी बॅटरीच्या पलीकडं आतल्या पत्र्यावर जागा मिळाली. केबलचा वळसा जेवणाच्या ताटाएवढा मोठा राहिला. सर्वोच्या केबलच्या टोकाला मण्यांची साखळी असते, आंघोळीच्या टाकीच्या बुचाला असते तशी. ती उगाच नाही. पायानं एक्सलेटर दाबला की लिव्हर पुढं जातो आणि साखळी सैल पडते, म्हणजे सर्वोची केबल मागं ढकलली जात नाही. सर्वोनं ओढलं की साखळी ताठ होते. तिचं टोक पंपाच्या लिव्हरला स्वतंत्र भोकात किंवा छोट्या क्लिपवर अडकवायचं, मूळ केबलच्या पिनवर लादायचं नाही. ओढ लिव्हरच्याच रेषेत हवी. इंजिन आयडलला असताना साखळीला चार-पाच मिलिमीटर ढील ठेवा. ढील नसेल तर आयडल वाढतं. जास्त असेल तर क्रूझ आधी झोपतं आणि मग एकदम ओढतं.

ह्या साखळीनं मला पहिल्याच दिवशी घाम फोडला. सगळं जोडून झालं होतं. इंजिन बंद ठेवून मी हातानं लिव्हर उघडून सोडत होतो, पन्नास वेळा करायचं असं ठरवून. एकतिसाव्या वेळी ‘टक’ आवाज आला नाही. टॉर्च मारून बघितलं, तर ढिली पडलेली साखळी खाली लोंबली होती आणि तिचा एक मणी स्प्रिंगच्या आकड्यात जाऊन बसला होता. लिव्हर पाव उघडा राहिला होता. चालत्या गाडीत हे झालं असतं तर ब्रेकनंही रेस कमी झाली नसती, कारण तिथं अडकवणारा सर्वो नव्हता, लोखंडच लोखंडाला धरून बसलं होतं. मी स्प्रिंग उलटी फिरवून आकडा खालच्या बाजूला केला आणि साखळीवर हीट-श्रिंकची नळी चढवली, थोडी सैल, म्हणजे मणी मोकळे हलतील पण कशात शिरणार नाहीत. मग पुन्हा पहिल्यापासून शंभर वेळा केलं. तुम्हीही करा. हाताला रग लागेल, पण करा.

वायरिंगबद्दल थोडक्यात: बॉडीचं भोक असेल तिथं रबरी बुश, जोड पिळून टेप नको, कथलाचा डाग आणि वर स्लीव्ह. अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग खरवडून काढा. उसाच्या हंगामात गाडी शेतातल्या शेडात उभी राहत असेल, तर वायरींवर जाड पाइप चढवाच, उंदीर सोडत नाहीत.

रस्त्यावर घ्यायच्या आधी जागेवर तपासा. बहुतेक मॉड्यूलमध्ये छोटा दिवा असतो, किल्ली चालू करून प्रत्येक बटण, ब्रेक, क्लच दाबला की तो किटच्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणं उघडझाप करतो. मागची चाकं उचलून, गियर टाकून बघायचा मोह टाळा. चाकांवर भार नसतो, इंजिन भलतीकडं धावतं.

आम्ही रविवारी पहाटे साडेपाचला निघालो, हौदा रिकामा. कागल सोडलं, कोगनोळीचा टोल नाका ओलांडला आणि मोकळा रस्ता लागल्यावर पन्नासला सेट केलं. मी शेजारी बसून वहीत लिहीत होतो. ब्रेकनं दहा वेळा सोडलं, नुसता पाय टेकवून, गाडी हळू न होता. क्लचनं दहा वेळा. मुख्य स्विचनं पाच वेळा. मग ब्रेकची मॉड्यूलकडं जाणारी वायर मुद्दाम काढून, मॉड्यूलला तिथं नुसतं अर्थिंग देऊन, फक्त रिलेवर पाच वेळा. सगळ्या खुणा बरोबर आल्यावरच साठ केलं. तिथं गाडी झोके द्यायला लागली, अठ्ठावन्न, त्रेसष्ट, अठ्ठावन्न. बाजूला थांबून साखळीची ढील दोन मिलिमीटर कमी केली आणि मॉड्यूलवरचा जोर एका टप्प्यानं उतरवला. मग काटा साठवर गप्प बसला.

भरलेल्या गाडीचं वागणं वेगळं असतं. सव्वा टन माल घेऊन चढ लागला की सर्वो पूर्ण ओढतो, तरी वेग पडत जातो आणि काही वेळानं क्रूझ स्वतःहून सोडून देतं. तो बिघाड नाही, इंजिनात तेवढंच बळ आहे. चढ दिसला की स्वतः सोडा आणि गियर उतरवा. उतारावर क्रूझ फक्त एक्सलेटर सोडू शकतं, ब्रेक मारत नाही. म्हणून तवंदी घाट, खंबाटकी घाट, पाऊस, ओला रस्ता, सहापदरीकरणाच्या कामामुळं जिथं वळणं काढलीत तो भाग, इथं मुख्य स्विच बंद. आणि ऑक्टोबरनंतर कारखाने चालू झाले की रात्रीही बंद. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या मागं दिवा नसताना अंगावर येतात, तेव्हा उजवा पाय ब्रेकच्या वर तयारच हवा. क्रूझ लावलं तरी पाय मांडी घालून बसायला मोकळा झाला, असं कुणी समजू नका.

कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीत फेरफार करण्यावर बंधनं आहेत. काम हाती घ्यायच्या आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा, आम्ही दोन्ही केलं. मालवाहू गाडीला दुभाजकाच्या चौपदरी महामार्गावर कमाल वेग ताशी ८० आहे. स्पीड गव्हर्नरच्या वायरीला किंवा सीलला हात लावू नका, त्याच्या आत राहूनच क्रूझ वापरायचं. भाऊ साठ-पासष्टच्या वर लावत नाही.

पाचशे किलोमीटर झाल्यावर साखळीची ढील, चुंबकाची पट्टी, कॉइलची फट पुन्हा बघा. नवीन केबल सुरुवातीला थोडी ताणते. नंतर महिन्याला एकदा पुरतं. भाऊ दर अमावास्येला गाडी धुतो, नारळ फोडतो, लिंबू-मिरची बदलतो. आता त्याच वेळी बोनेट उघडून पंपाचा लिव्हर दहा वेळा उघडतो आणि सोडतो. मी घरात असलो तरी कान तिकडंच असतात. दहा वेळा ‘टक’ ऐकू आलं की वहिनीला हाक मारतो, चहा टाका म्हणून.